प्लस, मायनस आणि कमलचं भाषण

दोन हजार सहा सालच्या सप्टेंबरातल्या शेवटच्या रविवारी सकाळीच अनिरुद्ध बोरिवलीहून डीव्हीडी रेकॉर्डर घेऊन मुलुंडला सासऱ्यांकडे आला, तेव्हा रणपिशांच्या टीव्हीखाली दुसरा एक रेकॉर्डर आधीच बसलेला होता. पंधरा मिनिटांत घराचे दोन पक्ष झाले. एरवी एवढा वेळ लागत नाही, पण त्या दिवशी लिफ्ट बंद होती आणि जावईबापूंना आधी दम टाकायचा होता.

"दाजी, हे काय?" त्याचा मेहुणा किरण खोक्याकडे बोट दाखवत म्हणाला.

"रेकॉर्डर. फोनवर म्हणालो होतो ना, मी आणतो."

"आणि मी म्हणालो होतो ना, मी घेतलाय."

"तुझा मायनस आहे रे."

"मग तुमचा?"

"प्लस," अनिरुद्ध म्हणाला, पोरगं आयआयटीत लागलं म्हणून सांगावं अशा सुरात.

भांडण होतं ते कोऱ्या डीव्हीडीचं. बाजारात तिच्या दोन जाती होत्या, प्लस आणि मायनस. दिसायला जुळ्या बहिणी, पण प्लसचं मशीन मायनसवर एक अक्षर लिहीत नसे आणि मायनसचं प्लसवर. शिवाय कुणाच्या घरातला जुना प्लेअर कुठली चालवून घेईल आणि कुठली थुंकून टाकेल, याचा भरवसा खुद्द दुकानदारही देत नव्हता.

आणि ज्या कॅसेटसाठी हे सगळं चाललं होतं, ती एकच होती. त्र्याण्णव साली कमल रणपिसे, वय एकेचाळीस, दहावी पास झाली. त्याच वर्षी, त्याच परीक्षेत तिचा मुलगा किरणही पास झाला, पण आईपेक्षा अकरा मार्क कमी मिळवून. कॉलनीनं विहारासमोरच्या मैदानात मायलेकांचा सत्कार केला. कमलनं भाषण केलं, लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एकानं ते घेतलं. कमलला जाऊन आता चार वर्षं झाली होती, आणि माळ्यावरच्या कॅसेटला बुरशी लागली होती. घाटकोपरच्या कॅसेट दुरुस्त करणाऱ्या सुबोधनं ती उघडून, पुसून, नव्या डब्यात घालून दिली आणि भीमराजला स्पष्टच सांगितलं, "काका, एकदा नीट चालेल. दुसऱ्यांदा चालली तर तुमचं नशीब. पहिल्यांदाच उतरवून घ्या."

हे भाषण कॉलनीत सगळ्यांना माहीत होतं, कारण कमलचा नवरा भीमराज ते तेरा वर्षं सांगत आला होता. पहिल्या वर्षी ते दहा मिनिटांचं होतं. आता ते सव्वा तासाचं झालं होतं. त्यात मैदानात पाच हजार माणूस होता (मैदानात चारशे खुर्च्या मावतात, त्याही गुडघे आवळून). त्यात मेन रोडवरून जाणारी एका मंत्र्याची गाडी थांबली होती आणि मंत्री काच खाली करून ऐकत होता. कमलनं "माझ्या भगिनींनो" म्हणताच लाइट गेले होते आणि पुढचं भाषण नुसत्या टाळ्यांच्या उजेडात झालं होतं. "मी मागं मांडवाच्या बांबूला धरून उभा होतो," भीमराज म्हणायचा. "बांबू थरथरत होता. आता बांबू की मी, ते सांगता येणार नाही."

*

रणपिशांच्या घरात साधं कांदेपोह्यात तिखट किती, हेही सभा घेऊन ठरतं. अध्यक्ष लागतो, सूचक लागतो, अनुमोदक लागतो. भीमराजचे वडील गावाहून मुंबईला येताना भांड्यांबरोबर ही सवयही घेऊन आले होते. त्यामुळे कांदिवलीहून भीमराजची थोरली बहीण शकु आली, तिनं चप्पल काढली, पाणी प्यायलं आणि न विचारता खुर्चीत बसली. अध्यक्षपद तिचंच. मनाली, म्हणजे भीमराजची लेक आणि अनिरुद्धची बायको, वही घेऊन इतिवृत्त लिहायला बसली.

"बोला," शकु म्हणाली. "सीडी कुठली?"

"सीडी नाही आत्या, डीव्हीडी."

"गोल हाय ना? मग तेच. बोल तू आधी."

किरण उठून उभा राहिला. "मायनस जुनी आहे, म्हणून जुन्या प्लेअरवर जास्त चालते. आत्या, तुमचा प्लेअर पाच वर्षांपूर्वीचा. प्लस टाकली की तो नो डिस्क म्हणतो. ताईच्या लग्नाची डीव्हीडी आठवते? दाजींनी प्लसवर दिली होती. तुम्ही सहा महिने तिच्यावर चहाचा कप ठेवत होतात."

"कप चांगला बसायचा," शकुनं मान्य केलं.

अनिरुद्धचे कान लाल झाले. "मी बोलू? प्लस नवी आहे. रेकॉर्डिंग मध्ये थांबवता येतं, पुढून जोडता येतं. मागच्या महिन्यात किरणनं मायनसवर विहाराचा कार्यक्रम उतरवला, त्यातला अर्धा अडकतो. प्रमुख पाहुण्यांचा हात हाराजवळ जातो आणि तिथेच राहतो. पाहुणे अजून हार घालून घेतायत."

"ती डिस्क स्वस्तातली होती, दाजी!"

"मशीन स्वस्तातलं नव्हतं ना? मग डिस्कला कंजुषी का?"

"किरण, उगाच ताणू नकोस यार," मनाली वहीतून मान वर न करता म्हणाली. "आईचा विषय आहे."

"अगं तू इतिवृत्त लिही, पार्टी नको होऊस!"

"मी लिहितेय. 'किरणला राग आला' असं लिहितेय."

मनालीला नवऱ्याची बाजू घ्यायची होती असं नाही. पण लग्न झाल्यापासून या घरात आपण आणलेली वस्तू खोक्यातच राहते, हे तिच्या लक्षात आलं होतं. मागच्या वर्षीचा मिक्सर अजून खोक्यात होता. आईची गोष्ट तरी आपल्या खोक्यातून निघावी, एवढंच तिला वाटत होतं.

आणि मग, कुणालाही वाटलं नव्हतं तिथून आवाज आला.

"माझी सूचना आहे," भीमराज म्हणाला. "रॅम."

"कसली रॅम?" शकुनं विचारलं.

"किरणच्या मशीनला तिसरी पण जात चालते. डीव्हीडी रॅम. मी पुस्तिका वाचली. एक लाख वेळा पुसा, एक लाख वेळा लिहा, काही होत नाही. सगळ्यात टिकाऊ. तीच घ्यायची, एकच, बाकी काही नको."

किरण खूश झाला. काही झालं तरी मशीन त्याचंच राहत होतं. "माझं अनुमोदन!"

"पण पप्पा," अनिरुद्ध म्हणाला, "रॅम कुणाच्या प्लेअरवर चालतच नाही. माझ्या नाही, आत्यांच्या नाही, विहाराच्या नाही. फक्त या एका मशीनवर चालणार."

"मग इथं येऊन बघा! चहा मिळेल!"

तो हे इतक्या जोरात म्हणाला की तेजल, किरणची बायको, स्वयंपाकघरातून बाहेर डोकावली. सातवा महिना चालू होता, तरी ती सकाळपासून दोन्ही मशीनच्या पुस्तिका मांडीवर घेऊन बसली होती. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा या घरात तिच्या एकटीचाच होता, आणि तिला कुणी अजून काही विचारलं नव्हतं. रॅमचं पान तिनंही वाचलं होतं. सासरे टिकाऊपणाबद्दल बोलतायत, पण त्यांना हवंय ते काही वेगळंच, असं तिला वाटून गेलं.

*

तेजलचं बरोबर होतं. भीमराजला अशी डिस्क हवी होती, जी या घराच्या उंबऱ्याबाहेर कुठेच चालणार नाही. कारण तेरा वर्षं जे भाषण तो सांगत होता, ते ऐकायला तो तिथे नव्हताच.

तो टेलिफोन खात्यात केबल जोडणारा होता. सत्काराच्या दिवशी तो भांडुपला एका मॅनहोलमध्ये बसून सोमवारी जोडली तरी चालली असती अशी केबल जोडत होता. कुणी पाठवलं नव्हतं. ड्यूटी त्यानं मागून घेतली होती. स्वतः तो तीन वेळा दहावीला बसला होता आणि तिन्ही वेळा इंग्रजीनं त्याला आडवं केलं होतं. बायको आणि मुलगा एका फटक्यात पास झाले त्या दिवशी त्यानं पेढे वाटले, आणि सत्काराच्या दिवशी मात्र त्याला मांडवात पाय टाकवेना. दुसऱ्या दिवशी लाज वाटली. मग लोकांकडून ऐकून ऐकून त्यानं ते भाषण जुळवलं, सांगत गेला, आणि सांगता सांगता त्याला बांबूचा खरखरीतपणा हाताला जाणवायला लागला.

आता कॅमेरा मैदानावरून फिरणार. बांबू दिसणार. बांबूला धरून कुणीही नसणार. कॅसेट एकदाच चालेल, घरच्या चार जणांत निभावून नेता येईल. पण डिस्क गावभर गेली तर?

"अध्यक्षांना चहा पाहिजे," शकु म्हणाली आणि भावाला दंडाला धरून आत घेऊन गेली.

आत तिनं गॅस पेटवला नाही. "भीमा, कुणी काय ऐकंल याची तुला लई काळजी. तुला सवताला ऐकायचं हाय का न्हाई?"

"आक्का, तिचा आवाज विसरत चाललोय गं," तो म्हणाला. "मी सांगतो तेव्हा तो माझ्याच आवाजात येतो."

"मग रॅम-बिम मागं घे."

"तुला माहीत नाही..."

"मला काय म्हाईत हाय आन काय न्हाई, ते ऱ्हाऊ दे. मी त्या दिवशी पुढच्याच रांगेत होते." एवढं म्हणून ती बाहेर गेली. चहा राहिलाच.

*

बाहेर तेजलनं सभेची वाट न बघता वायरी लावायला घेतल्या होत्या.

"वहिनी, काय चाललंय?" अनिरुद्धनं विचारलं.

"कॅसेट एकदा चालणार ना? मग दोन्ही मशीनवर एकदमच उतरवू. व्हीसीआरमधून पहिल्या मशीनमध्ये, तिथून दुसऱ्यात. प्लस पण होईल, मायनस पण. ज्याच्या प्लेअरला जी पचेल ती त्यानं न्यावी."

इतकं सोपं काहीतरी या घरात याआधी कुणी बोललं नव्हतं. पण ते सोपं राहिलं नाही.

"पहिलं मशीन कुठलं?" किरण आणि अनिरुद्ध एकदम म्हणाले. पहिल्याला चित्र थेट मिळणार, दुसऱ्याला पहिल्याच्या हातून. "माझं घर आहे," किरण म्हणाला. "मी जावई आहे," अनिरुद्ध म्हणाला.

"छप्पन साली मानपान सोडला आपण!" शकु कडाडली. "पन्नास वर्षांनी दोन डब्यांपायी परत आणता व्हय रे?"

"दाजींचं पहिलं," तेजल म्हणाली. किरणनं तिच्याकडे असं बघितलं जसं काही तिनं माहेरचं आडनाव परत लावलं. "बघू नकोस असा. सकाळी आपल्या लग्नाची कॅसेट लावून बघितलं. तुझ्या मशीनमधून पुढे जाणारं चित्र काळपटतं. त्यांच्यातून स्वच्छ जातं. दोन्ही डिस्क चांगल्या हव्यात की तुझा नंबर पहिला हवा?"

"ठरावाला अनुमोदन," मनाली इतक्या पटकन म्हणाली की तिलाच हसू आलं. वहीत तिनं 'तेजल' हे नाव जाड अक्षरात लिहिलं. मत घेतलं तेव्हा किरणचा हातही वर होता, अर्धा का होईना. भीमराजनं रॅमबद्दल काही म्हटलं नाही, पण ठराव मागंही घेतला नाही. तो सरळ जाऊन सगळ्यात मागच्या खुर्चीवर बसला.

अनिरुद्धचं मशीन टीपॉयवर, किरणचं टीव्हीखाली. दोन्हींत कोऱ्या डिस्क गेल्या. वायरी वाढवायला म्हणून दोघांना आपापल्या जागा सोडाव्या लागल्या, त्यामुळे किरण टीपॉयजवळ उभा राहिला आणि अनिरुद्ध टीव्हीजवळ. शकुनं मान हलवली. तेजलनं व्हीसीआरचं बटण दाबलं.

आधी मुंग्या आल्या. मग एक निळी पट्टी, मग मैदान, मांडव, आणि एक आवाज: "सर्वांनी उभं राहून त्रिशरण पंचशील ग्रहण करावं."

टीव्हीतली चारशे माणसं उभी राहिली. आणि मुलुंडच्या पाचव्या मजल्यावरची सगळी माणसंही उभी राहिली. हात जुळले, डोळे मिटले, टीव्हीच्या सुरात सूर लागला. सांगावं लागलं नाही. पन्नास वर्षांची सवय आहे, ती रेकॉर्डरला विचारून थांबत नाही.

बुद्धं सरणं झालं, धम्मं सरणं झालं. तेव्हा किरणनं एक डोळा उघडला. दोन्ही मशीनचे लाल दिवे बंद होते. रेकॉर्डचं बटण कुणी दाबलंच नव्हतं.

त्यानं अनिरुद्धकडे बघितलं. अनिरुद्धचाही एक डोळा उघडा होता. त्या दोन डोळ्यांत जो संवाद झाला, तो छापण्यासारखा नाही. पण वंदना चालू असताना हात सोडणार कोण? समोर आत्या उभी होती, आणि तिला मिटल्या डोळ्यांनीही दिसतं अशी ख्याती होती. सुबोधनं पुसलेली फीत पुढे सरकत होती. पाच शीलं संपेपर्यंत दोघांच्या कपाळावरून घाम इतका वाहिला की खालच्या मजल्यावाल्यांनी नळ गळतोय म्हणून वर यावं.

"साधू, साधू, सा..." तिसरा साधू अर्धाच राहिला. दोघं झेपावले, आणि ज्याच्या हाताशी जे बटण होतं ते त्यानं दाबलं. किरणनं प्लस सुरू केलं, अनिरुद्धनं मायनस. लाल दिवे लागल्यावर दोघांच्याही लक्षात आलं की आपण कुणाचं मशीन वाचवलं.

"वाट लागली होती," किरण पुटपुटला.

"वंदना गेली आत्या, सॉरी," अनिरुद्ध म्हणाला.

"वंदना आपल्याला पाठ हाय. गप बसा. कमल आली."

*

माइकसमोर एक ठेंगणी बाई उभी होती. निळी साडी, हातात कागद. तिनं कागदाकडे बघितलं, घडी घातली आणि कमरेला खोचला.

"अध्यक्ष महाशय आणि माझ्या भगिनींनो. बंधूंनो पण. मला भाषण येत नाही. बीजगणित येतं, ते विचारा."

मैदान हसलं. तेजल पुढे सरकली. किरण चिडला की शब्दाचं शेपूट ओढतो, ते या आवाजातून आलंय, हे तिला आत्ता कळलं. तिनं पोटावर हात ठेवला, ऐक म्हणून.

"माझ्या पोराला माझ्याहून अकरा मार्क कमी आहेत. त्याला कुणी बोलू नका. पुढच्या परीक्षेला मी बसणार नाही, तेव्हा तो पहिला येईल." किरणनं नाक ओढलं. मनालीनं वही मिटली.

कॅमेरा माणसांवरून फिरू लागला. पुढच्या रांगा, मग मधल्या. बांबू आला. बांबूला एक सायकल टेकवलेली होती. भीमराजनं मान खाली घातली.

"आमचे मालक आज आले नाहीत," कमल म्हणाली. "केबलचं काम आहे म्हणून गेलेत. काम उद्या केलं तरी चाललं असतं. घरात दोघं एकदम पास झाले, त्यांना आनंद झाला आणि वाईटही वाटलं. एका माणसाला एका दिवसात दोन्ही झेपत नाही. म्हणून जमिनीखाली जाऊन बसलेत. बसू द्या."

कमलनं माइक जवळ ओढला.

"पण एक सांगते. मी दोन वर्षं रात्रशाळेत गेले, तेव्हा संध्याकाळच्या भाकऱ्या त्यांनी थापल्यात. दार लावून. थापल्याचा आवाज शेजारी जाऊ नये म्हणून रेडिओ मोठा करून. पहिले सहा महिने प्रत्येक भाकरी महाराष्ट्राच्या नकाशासारखी निघायची. मला भूगोलात नकाशाचे पूर्ण मार्क पडले, ते रोज कोकण मोडून खाल्ल्यामुळे. कुणाला सांगू नकोस म्हणालेत, म्हणून माइकवरून सांगते. ही पास झालेली बाई एकटी पास झालेली नाही."

टाळ्या पडल्या. कमलनं हात वर केला.

"तुम्ही मात्र त्यांना कळू देऊ नका, मी सांगितलं म्हणून. उद्या येतील, भाषण कसं झालं विचारतील. चांगलं झालं म्हणा. आणि ते स्वतः सांगायला लागले, तर ऐकून घ्या. जय भीम."

सगळं मिळून सहा मिनिटं. पाठोपाठ व्हीसीआरनं कुरकुर केली आणि पडदा निळा झाला.

कुणी मागे वळून बघितलं नाही. शेवटी भीमराजच म्हणाला, "तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं?"

"पप्पा, मी स्टेजवर होतो," किरण म्हणाला.

"मी आत्याच्या शेजारी," मनाली म्हणाली. "आणि अख्खी कॉलनी मैदानात."

ज्या कॉलनीत कुणाकडे कुठली मासळी शिजतेय ते तेल तापायच्या आत कळतं, त्या कॉलनीतल्या चारशे माणसांनी एक गोष्ट तेरा वर्षं पोटात ठेवली होती. या हकिगतीत खोटं वाटेल असं एवढंच आहे, आणि नेमकं तेच खरं आहे.

"मग ऐकत का बसायचात रे? दर वर्षी? सव्वा सव्वा तास?"

"आई म्हणाली होती," मनाली म्हणाली.

"आणि मंत्र्याची गाडी झकास आहे, पप्पा," किरण म्हणाला. "ती काढू नका."

भीमराज उठला. तेरा वर्षं तो बायकोबद्दल छाती काढून सांगत आला होता. बायकोनं आपल्याबद्दल चारशे माणसांत काय सांगून ठेवलंय, ते त्याला आज कळलं. त्यानं चष्मा काढून सदऱ्याला पुसला, परत लावला, परत काढला.

"अध्यक्ष," तो म्हणाला, "रॅमचा ठराव मागे घेतो. दुसरा मांडतो. चौदा ऑक्टोबरला धम्मदीक्षेची पन्नाशी आहे. विहारासमोर पडदा लावून ही डिस्क दाखवायची. प्लस चालली तर प्लस, मायनस चालली तर मायनस. दोन्ही मशीनं घेऊन जायची."

"अनुमोदन," किरण आणि अनिरुद्ध एकदम म्हणाले, आणि या वेळी त्यावरून भांडले नाहीत.

"आणि प्रास्ताविक मी करणार. पाच मिनिटं."

"पाच?" शकुनं विचारलं.

"फार तर दहा. भाकरीचं आता मलाच सांगावं लागेल. कमलनं निम्मंच सांगितलंय. त्या महाराष्ट्रात मी विदर्भसुद्धा करपू दिला नव्हता."

"तुजी खुर्ची कुठं ठेवू?"

"पहिल्या रांगेत."

बाकीचे जेवायला बसले. भीमराजनं कपाटातून पांढरा शर्ट काढला, टेबलावर चादर अंथरली आणि इस्त्री तापत ठेवली. चौदा तारखेला अजून वीस दिवस होते.